पॉवर पंपातलं सुटं ऑइल आता बंद करू या



निंदण-डवरणी आवरत आली. पऱ्हाटी कमरेला लागली की पुढचे दोन-अडीच महिने फवारणीचेच. या दिवसांत आपल्या मेसेजमध्ये औषधाचंच बोलणं असतं: कोणतं घ्यायचं, किती टाकायचं, कधी मारायचं. आज पंपाच्या टाकीतल्या ऑइलबद्दल बोलायचं आहे. मेसेज मोठा आहे. रात्री सवडीने वाचा. तुमचा पंप दुसरा कोणी पाठीवर घेत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पॉवर पंपात सुटं ऑइल, ट्रॅक्टरचं ऑइल, मोटरसायकलचं ऑइल, गाळून घेतलेलं काळं ऑइल, हे सगळं या हंगामापासून बंद करावं. सीलबंद बाटलीतलं, मागच्या बाजूला 'जासो एफडी' लिहिलेलं टू-स्ट्रोक ऑइल घ्यावं आणि मापाने टाकावं. एफडी नाही मिळालं तर 'एफसी' घ्यावं, त्याच्या खालचं नको. यात इंजिनचा फायदा आहे, खिशाचाही आहे. पण मी हे लिहितो आहे ते पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी.

*आधी पाहा, तुमचा पंप कोणता*

बॅटरीच्या पंपाला या मेसेजचा संबंध नाही. त्यात ना पेट्रोल ना ऑइल.

पेट्रोलवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपात दोन प्रकार आहेत. काही नवे पंप फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनला ऑइल भरायचं वेगळं बूच असतं आणि पेट्रोल साधंच टाकायचं असतं. अशा पंपाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नका. दुसरे टू-स्ट्रोक. त्यांना ऑइलचं वेगळं बूच नसतं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आपल्याकडचे जुने पॉवर पंप, बरेचसे ग्रासकटर आणि झाडं कापायच्या चेन सॉ या प्रकारात येतात. खात्री नसेल तर पुस्तिका पाहा किंवा जिथून पंप घेतला तिथे विचारा. पुढचं सगळं टू-स्ट्रोकबद्दल आहे.

*हे ऑइल जळण्यासाठीच असतं*

"ऑइल तं ऑइलच असते ना भाऊ, चिकट असलं म्हणजे झालं." हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. गोंधळ इथूनच सुरू होतो.

ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल खाली चेंबरमध्ये राहते. तेच ते ऑइल फिरत राहते, ठराविक तासांनी आपण बदलतो. ते जळू नये अशीच त्याची रचना असते. टू-स्ट्रोकला तसा चेंबर नाही. पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण क्रँकच्या बाजूने आत येते, जाता जाता बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडरला ऑइल लावते, मग वर जाऊन पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑइलला दोन कामं आहेत. आधी इंजिन ओलं ठेवायचं आणि मग काही मागे न ठेवता जळून जायचं.

ट्रॅक्टरचं ऑइल पहिलं काम कसंबसं करते, दुसरं करतच नाही. चेंबरमध्ये महिनोन्‌महिने टिकावं म्हणून त्यात जी द्रव्यं घातलेली असतात, ती जळाली की राख होते. ती राख प्लगवर बसते आणि पिस्टनच्या डोक्यावर साचते. इंजिनमधून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये तर धातूचा बारीक कीसही असतो, तो सिलिंडर घासतो.

सुट्या टू-स्ट्रोक ऑइलचं काय? ते चांगलंही असू शकते आणि कसंही. ड्रममधून मापाने ओतून दिलेल्या ऑइलवर कोणाची सही नसते. जाड खनिज तेलाचं असेल तर ते अर्धवट जळते. निळसर-पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या ऑइलचे बारीक थेंब. कमी धुराच्या ऑइलमध्ये हे जाड तेल कमी करून पॉलिआयसोब्युटिलीन नावाचं द्रव्य घालतात. ते तापलं की तुटून जवळपास पूर्ण जळून जाते आणि मागे काजळी फार राहत नाही.

आणखी एक गोष्ट या इंजिनच्या घडणीतच आहे. धूर बाहेर जायचं भोक आणि नवं मिश्रण आत यायचं भोक काही क्षण एकदमच उघडी असतात. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल-ऑइल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. ऑइल कितीही भारी घेतलं तरी हे थांबत नाही. म्हणून चांगलं ऑइल टाकलं की पंप निर्धोक झाला असं कोणी समजू नये. धूर कमी होतो, पण संपत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा न दिसणारा वायू तर ऑइल बदलल्याने जातच नाही. पंप गोठ्यात, कोठ्यात किंवा दार बंद करून कधीच चालवू नका.

*पाठीवरचा माणूस*

मोटरसायकलचा धूर मागे राहतो आणि आपण पुढे निघून जातो. पॉवर पंपाचं तसं नाही. इंजिन पाठीला बांधलेलं, सायलेन्सर कमरेजवळ आणि माणूस चालतो पाऊल-पाऊल. वारा मागून असला की धूर त्याच्याच नाकातोंडात. सप्टेंबरातली दाटलेली पऱ्हाटी, डोक्याच्या वर गेलेली तूर किंवा आपल्या सेलू-पवनारकडची केळीची बाग असेल तर हवा हलतच नाही. तिथे तो धूर तिथेच कोंडतो आणि माणूस त्यातच टाकीवर टाकी मारत राहतो.

हा माणूस कोण? क्वचित आपण स्वतः. बहुतेक वेळा रोजाने किंवा टाकीच्या भावाने आलेला मजूर. ऑइल निवडतो मालक आणि धूर घेतो मजूर. पाच-दहा रुपये वाचतात एकाचे, डोकं दुखते दुसऱ्याचं. याचा हिशेब आपण कधी मांडत नाही, कारण तो आपल्या वहीत येत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, फवारा तोंडासमोर येत होता. ते मृत्यू औषधाच्या विषाने झाले, इंजिनच्या धुराने नाही. हे स्पष्ट सांगतो, कोणी उलटसुलट पसरवू नका.

मग इथे त्याचा उल्लेख कशाला? कारण विषबाधेची पहिली लक्षणं काय असतात ते पाहा: डोकं दुखणे, गरगरणे, मळमळ, डोळे चुरचुरणे. आणि धुराने काय होते? डोकं दुखणे, गरगरणे, मळमळ, डोळे चुरचुरणे. दिवसभर धुराळ पंप चालवणाऱ्याला हे रोजचंच होऊन जाते. "धुराने डोकं धरलं, चहा घेतला की बरं वाटते," असं म्हणून तो पुढची टाकी भरतो. ज्या दिवशी ते दुखणं धुराचं नसून औषधाचं असते, त्या दिवशीही तो तेच म्हणतो. विषबाधेत पहिला तास फार मोलाचा असतो आणि तो असा निघून जातो.

माझ्या मते सुटं ऑइल बंद करायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. धूर कमी झाला की डोकेदुखीचं एक नेहमीचं निमित्त जाते. मग डोकं दुखलं की माणूस थांबतो आणि विचारतो, हे काय होते आहे?

तोपर्यंत नियम एकच ठेवा. फवारताना डोकं दुखलं, मळमळलं, घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, नजर अंधुक झाली, तर ते धुराचं आहे असं धरून चालू नका. पंप उतरवा, वावरातून बाहेर या, कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचा दवाखाना आपल्याच जिल्ह्यात आहेत. गाडी नसेल तर १०८ लावा.

*बाटलीच्या मागची दोन अक्षरं*

दुकानात बाटलीच्या पुढच्या बाजूला सगळंच लिहिलेलं असते: 'लो स्मोक', 'सुपर', 'सिंथेटिक', 'प्रीमियम'. त्यावर जाऊ नका, बाटली उलटी करा. मागे इंग्रजी अक्षरांत जासो असं लिहिलेलं असते आणि पुढे एफबी, एफसी किंवा एफडी. जासो ही जपानची वाहनांसाठीची मानक संस्था. तिच्या पद्धतीत एका ठरलेल्या ऑइलला १०० गुण मानतात आणि बाकीच्या ऑइलची त्याच्याशी तुलना करतात. गुण जितके जास्त तितकं ऑइल चांगलं. पास व्हायला कमीत कमी गुण असे लागतात:

• धूर कमी ठेवणे: एफबी ४५, एफसी ८५, एफडी ८५
• सायलेन्सर न तुंबणे: एफबी ४५, एफसी ९०, एफडी ९०
• आतून स्वच्छ ठेवणे: एफबी ८५, एफसी ९५, एफडी १२५
• वंगण: एफबी ९५, एफसी ९५, एफडी ९५

शेवटची ओळ दोनदा वाचा. "कमी धुराचं ऑइल पातळ असते, इंजिनला पकड देत नाही," असं काही मेकॅनिक सांगतात. या कसोटीत तिन्ही प्रकारांना वंगणाचे गुण सारखेच लागतात. म्हणजे कमी धुराचं ऑइल घेतल्याने वंगण कमी होत नाही. फरक आहे तो धूर, काजळी आणि स्वच्छतेत. धुराची आणि सायलेन्सर तुंबण्याची चाचणी सुझुकीच्या लहान जनरेटरवर घेतात. म्हणजे आपल्या पंपासारख्याच हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनवर.

एफसी आणि एफडीचा धूर जवळपास सारखा. एफडी जास्त उष्णतेतही पिस्टन आणि रिंग स्वच्छ ठेवते. आपल्या विदर्भातल्या ऑक्टोबरच्या उन्हात टाकीमागे टाकी मारणाऱ्या पंपाला त्याची गरज आहे. म्हणून पहिली पसंती एफडी.

बाटलीवर आणखी काही अक्षरं दिसतील, त्यांचाही अर्थ माहीत असावा.

• *एपीआय टीसी:* इंजिनच्या रक्षणासाठी चांगलं. पण या मानकात धुराची कसोटीच नाही. नुसतं टीसी लिहिलेलं असेल तर धुराबद्दल काही कळत नाही. टीसी आणि एफडी दोन्ही असेल तर उत्तम.
• *आयएसओ ईजीबी, ईजीसी, ईजीडी:* हीच परीक्षा दुसऱ्या नावाने, थोडी कडक. ईजीडी सगळ्यात वरचं.
• *टीसी-डब्ल्यू३:* हे पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनचं ऑइल. भारी म्हणून कोणी गळ्यात मारेल. आपल्या पंपासाठी ते नाही.
• *४टी, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०:* मोटरसायकल आणि ट्रॅक्टरचं. पंपात नको.

ब्रँड कोणता, हे मी मुद्दाम सांगत नाही. मागे अक्षरं असतील, सील शाबूत असेल आणि बिल मिळत असेल तर ब्रँड तुमच्या आवडीचा घ्या.

*"महाग पडते" हा हिशेब एकदा कागदावर मांडू*

भाव दुकानागणिक वेगळे असतात, म्हणून समजा सुटं ऑइल २५० रुपये लिटर आणि एफडीची बाटली ५५० रुपये लिटर. तुमच्या गावचा भाव घालून पुन्हा मांडून पाहा.

पंपाचं प्रमाण १:२५ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल लागते. सुटं ४० मिली पडलं १० रुपयांना, एफडी ४० मिली पडलं २२ रुपयांना. लिटरमागे फरक १२ रुपये. समजा हंगामात एका पंपाने २० लिटर पेट्रोल जाळलं, तर ऑइल लागलं ८०० मिली आणि पूर्ण हंगामाचा फरक झाला २४० रुपये. १:५० चा पंप असेल तर याच्या निम्मा.

आता खरी गंमत. सुटं ऑइल आपण मापाने टाकतच नाही. बाटलीच्या झाकणाने, नाहीतर अंदाजाने "अजून थोडं राहू दे" करत टाकतो. ४० च्या जागी ६० मिली पडलं तर सुट्याचा खर्च १५ रुपये झाला. म्हणजे मापाने टाकलेल्या एफडीपेक्षा वाचले फक्त ७ रुपये. त्या ७ रुपयांत मिळालं काय? काळा प्लग, तुंबलेला सायलेन्सर, खाचेत चिकटलेली रिंग. आणि बोंडअळीचा फवारा ऐन भरात असताना पंप बंद. त्या दिवशी मजूर आलेला, औषध कालवलेलं, आभाळ भरून आलेलं आणि मेकॅनिक सेलूच्या बाजारात. तो एक दिवस किती रुपयांना पडतो, तुम्हीच सांगा.

*जास्त ऑइल टाकलं म्हणजे इंजिन जास्त टिकते का?*

नाही. हा समज फक्त आपलाच नाही. २००० साली जागतिक बँकेने दक्षिण आशियातल्या टू-स्ट्रोक स्कूटर आणि ऑटोंच्या धुरावर अहवाल काढला. त्यात हेच निघालं: चालक स्वस्त साधं खनिज तेल वापरतात आणि इंजिन टिकावं म्हणून गरजेपेक्षा जास्त टाकतात. धुराचा मोठा वाटा त्यातूनच येत होता.

कार्बोरेटर ठराविक मिश्रण आत सोडते. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो. पेट्रोल कमी झालं की इंजिन उलट जास्त तापते. वरून काजळी. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. कमी ऑइल टाकणं तर त्याहून वाईट, पिस्टन जाम होतो. म्हणून पुस्तिकेत जे प्रमाण दिलं आहे तेच ठेवा:

• १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली
• १:३० म्हणजे लिटरला ३३ मिली
• १:४० म्हणजे लिटरला २५ मिली
• १:५० म्हणजे लिटरला २० मिली

ऑइलच्या बाटलीवर १:५० छापलेलं दिसलं म्हणून १:२५ च्या पंपात निम्मं ऑइल टाकू नका. प्रमाण ठरवणारी पंपाची पुस्तिका, ऑइलची बाटली नाही. पुस्तिका हरवली असेल तर पंपाच्या मॉडेलचा फोटो कंपनीच्या केंद्रावर पाठवा, आपण शोधून देऊ.

*शहरात हे पंचवीस वर्षांपूर्वीच झालं*

पन्नाशीच्या पुढच्या सभासदांना लुना, राजदूत, जुनी बजाज चेतक आठवत असेल. त्या सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोल भरलं की वरून ऑइल टाकून गाडी हलवायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दिल्लीत अशा गाड्यांचा धूर इतका झाला की १९९८ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोल पंपावर आधीच मापाने ऑइल मिसळलेलं पेट्रोलच मिळालं पाहिजे. म्हणजे अंदाजाने ओतणं बंद. बांगलादेशात ढाका शहराने २००२ अखेर टू-स्ट्रोक ऑटो रस्त्यावरून काढून टाकले आणि तिथली हवा लगेच सुधारलेली दिसली.

शहरातल्या लोकांना धुराचा त्रास झाला तर ते कोर्टात गेले. वावरात पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्यासाठी कोण कोर्टात जाणार? घोराडच्या, केळझरच्या, हिंगणीच्या, झडशीच्या वावरात कोणी मोजमापाचं यंत्र घेऊन येणार नाही. हा नियम आपणच आपल्याला घालून घ्यायचा आहे. आपली उत्पादक कंपनी असल्या कामासाठीच आहे.

*"मग बॅटरी पंपच घ्या ना"*

काही सभासद हे म्हणतील आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. सोयाबीन, हरभरा आणि लहान पऱ्हाटी बॅटरी पंपाने भागत असेल तर तोच वापरा. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. पण पाच-सात एकर उंच पऱ्हाटी एका दिवसात आटोपायची असली, तूर वरपर्यंत गाठायची असली, की लोक पॉवर पंपच बाहेर काढतात. तो पंप घरात आहे तोवर त्यात काय ओतायचं, हा प्रश्न राहणारच. नवा पंप घ्यायची वेळ आली तर बॅटरी किंवा फोर-स्ट्रोकचा विचार जरूर करा. पण "पुढच्या साली पंपच बदलू" म्हणत या साली पुन्हा सुटं ऑइल नको.

*ऑइल बदलताना हे क्रमाने करा*

१. टाकीतलं आणि डबकीतलं जुनं मिश्रण काढून टाका. जमिनीवर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. बंद डबकीत ठेवून मेकॅनिककडे द्या.

२. पंप जुना असेल, सुट्या ऑइलवर चाललेला असेल, तर आधी सायलेन्सर आणि धुराचं भोक साफ करून घ्या. चांगलं ऑइल आतली काजळी सोडवते. मोठी खपली सुटली तर मध्येच अडकते. साफ न करता नवं ऑइल टाकलं आणि पंप बंद पडला, तर दोष ऑइलला दिला जातो.

३. एअर फिल्टर धुवा, प्लग साफ करा किंवा बदला. फिल्टर तुंबलेला असेल तर कोणतंही ऑइल धूर करणारच.

४. मिश्रण पंपाच्या टाकीत करू नका. वेगळ्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबकीत करा. आधी निम्मं पेट्रोल, मग मापाने ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत ओतायच्या आधी दर वेळी हलवा. औषधाची रिकामी बाटली माप म्हणून किंवा डबकी म्हणून कधीच वापरू नका.

५. लागेल तेवढंच मिश्रण करा. महिन्याच्या वरचं वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात जास्तच. तुमच्या पंपाला किती टक्के इथेनॉल चालते ते पुस्तिकेत पाहा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत पंप चालवून मगच ठेवा.

६. डबकीवर 'ऑइल मिश्रण, १:२५' असं मोठ्या अक्षरात लिहा. घरातल्या कोणी ते मोटरसायकलमध्ये ओतू नये आणि साधं पेट्रोल पंपात जाऊ नये.

७. चार-पाच टाक्या झाल्या की प्लग काढून पाहा. फिकट विटकरी रंग म्हणजे ठीक. ओला काळा असेल तर ऑइल जास्त आहे, चोक अर्धा राहिला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. पांढराफटक असेल तर पंप थांबवा आणि मेकॅनिकला दाखवा.

सुरू करताना थोडा धूर निघेल, तो चालतो. गरम झाल्यावरही ढगासारखा धूर निघत असेल तर ऑइलचं प्रमाण आणि कार्बोरेटर तपासा.

*आपल्या कंपनीने काय करावं*

सभासदांना सल्ला द्यायचा आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, हे बरोबर नाही. माझी तीन मतं संचालक मंडळापुढे आणि तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं, कंपनीच्या केंद्रावर टू-स्ट्रोकसाठी एफडी किंवा एफसी याच दर्जाचं सीलबंद ऑइल ठेवावं. एकत्र खरेदी केली तर भाव कमी होतो. लहान पॅकिंग मिळालं तर आणखी बरं, दोन एकरवाल्याला लिटरची बाटली एकदम घ्यावी लागणार नाही.

दुसरं, प्रत्येक बाटलीबरोबर रेषा असलेलं एक माप द्यावं. माझ्या मते धुराचा निम्मा प्रश्न मापाचाच आहे.

तिसरं, जे सभासद मजुराकडून फवारणी करून घेतात त्यांनी मिश्रण स्वतः करून द्यावं. मजुराच्या हाती पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं देऊन "टाक अंदाजाने" म्हणू नये. पंपाबरोबर मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हे तर आहेच. एक ध्यानात ठेवा, कोणताही साधा मास्क किंवा दुपट्टा इंजिनचा वायू अडवत नाही. म्हणून वारा आडवा घेऊनच चाला, म्हणजे फवारा आणि धूर दोन्ही अंगावर येणार नाहीत. दर दोन-तीन टाक्यांनंतर पंप उतरवून मोकळ्या हवेत बसायला वेळ द्या. तो वेळ मजुरीतून कापू नका.

कोणी म्हणेल, एवढ्याशा ऑइलसाठी एवढं पुराण कशाला? हंगामात एका पंपाला लिटरभर ऑइलही लागत नाही, हे खरं आहे. म्हणूनच हा बदल सोपा आहे. बियाण्याचा भाव आपल्या हाती नाही, कापसाचा भाव नाही, पाऊस तर नाहीच. पंपात काय ओतायचं हे मात्र पूर्ण आपल्या हाती आहे. ज्याच्या पाठीवर तो पंप आहे त्याच्या हाती तेही नसते. ते मालकाच्या हाती असते.

या आठवड्यात एकच काम करा. घरात असलेली ऑइलची बाटली उलटी करून मागची अक्षरं वाचा आणि फोटो काढून केंद्राच्या नंबरवर पाठवा. कोणत्या दर्जाचं आहे ते सांगतो. किती सभासदांना ऑइल हवं आणि कोणत्या प्रमाणाचे पंप आहेत, तेही त्याच मेसेजमध्ये कळवा. त्यावरून पहिली एकत्र खरेदी ठरवू.

वेगळं मत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. पुढच्या मेसेजमध्ये घेऊ.

राम राम.